सातेरीचं मोहोळ रिकाम्या पेटीत बोलवायचंय : गंधाचं आमिष कोणी वापरलंय का?

गिरणाकाठ | ८ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठाला आमची शेती आहे. यंदा दोन एकरांत कांद्याचं बी धरलंय. गेल्या वर्षी एकच एकर होतं. गोंडे भरघोस आले, पण तळहातावर चोळून पाहिले तर निम्म्याहून जास्त फोल. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतं, म्हणजे पराग या फुलावरून त्या फुलावर नेणारं कोणीतरी लागतंच, हे तेव्हा नीट उमजलं. आमच्या शिवारात माश्याच उरलेल्या नाहीत.

मेलीफेराच्या, म्हणजे युरोपियन माशीच्या, पेट्या भाड्याने मिळतात, पण हंगाम संपला की त्या जातात. मला इथलीच सातेरी हवी आहे, बांधावर कायम राहणारी. म्हणून सुताराकडून दोन पेट्या करून घेतल्या, आणि मधमाश्यांना बोलावणाऱ्या गंधाची कुपी ऑनलाइन मागवून एकेका पेटीत टांगली. तीन आठवडे झाले, एकही माशी फिरकलेली नाही. कुपीत दोष आहे, की पेटीत, की माझ्या समजुतीत? कोणी हे केलं असेल तर सविस्तर लिहा.

केळीपट्टा | ८ जानेवारी, रात्री ९.५२

दादा, आधी एक सांगा, तुमच्या शिवारात माशी कोणती दिसते? आमच्या रावेरकडे पाण्याच्या टाक्यांवर आग्या बसते आणि कुंपणाच्या बोरीवर फुलोरी. या दोघी उघड्यावर एकच पोळं बांधतात, पेटीत कधीच राहत नाहीत. त्यांच्यासाठी कितीही चांगला गंध लावला तरी उपयोग नाही. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावणारी सातेरी आसपास असेल तरच पुढचं बोलता येईल.

गिरणाकाठ | ८ जानेवारी, रात्री १०.०५

सातेरी आहे भाऊ. जुन्या दगडी विहिरीच्या कपारीत आहे, मी लहान होतो तेव्हापासून. सकाळी पाणी काढताना त्यांची ये-जा दिसते. विहिरीपासून पेट्या पंधरा-वीस पावलांवर, मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर ठेवल्या आहेत.

पायथ्याचा_मधपाळ | ९ जानेवारी, सकाळी ६.४०

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धं उत्तर आहे. पत्र्यावरची पेटी कोणतीही माशी घेणार नाही. पण गंधापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही तेच विचारलंय.

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बावीस वर्षं सातेरी सांभाळतोय. कामकरी माशीच्या पोटाच्या टोकाला, वरच्या बाजूने, एक ग्रंथी असते. रशियन प्राणिशास्त्रज्ञ नासोनोव्ह यांच्या नावाने ती ओळखली जाते. घर सापडलं की माशी दाराशी उभी राहते, पोट वर उचलते, ती ग्रंथी उघडी करते आणि पंखांनी वारा घालते. तो गंध म्हणजे मागे राहिलेल्यांना हाक असते. युरोपियन माशीच्या या गंधात सात घटक सापडलेत. त्यातले आपल्या कामाचे दोन, जेरॅनिऑल आणि सिट्रल. बाजारातल्या कुप्या यावरच बेतलेल्या असतात.

आता घरात शोधा. सिट्रल म्हणजे आपला गवती चहा, त्याच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास तेच असतं. आणि जेरॅनिऑल? तेही आपल्या डोंगरात उगवतं. रोशा गवत. इंग्रजांच्या काळात खानदेशातून रोशाचं तेल मुंबईला जायचं आणि तिथून तुर्कस्तानात, गुलाबाच्या अत्तरात मिसळायला. धडगाव-तळोद्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, रोशाच्या भट्ट्या त्यांना आठवतील. माश्यांची हाक ज्या दोन गंधांची आहे, ते दोन्ही आपल्याच मातीत आहेत, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

मी असं करतो. गवती चहाच्या तेलाचे तीन थेंब आणि रोशाच्या तेलाचे दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर घेतो. बोळा बारीक तोंडाच्या बाटलीत टाकतो, झाकणाला सुईने एक भोक पाडतो आणि बाटली पेटीच्या मागच्या भिंतीला बांधतो. एक थेंब दाराच्या आतल्या कडेला बोटाने पुसतो. यापेक्षा जास्त नको. पेटीतून दहा पावलांवर वास आला तर तो जास्त झाला समजा, माश्या उलट बिचकतात. उन्हाने आणि हवेने सिट्रल लवकर बिघडतं, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी बोळा बदलायचा. तुमची कुपी तीन आठवडे तापलेल्या पत्र्यावर होती. त्यातला गंध केव्हाच मेला असेल.

आता पेटी. सुताराने रंधा मारून, आतून वॉर्निश लावून दिली असेल तर आतलं वॉर्निश घासून काढा आणि पेटी पंधरा दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा. मग सातेरीचंच शुद्ध मेण मिळवून पातळ करा आणि चौकटींच्या वरच्या पट्टीला खालून आणि छताला आतून त्याचा हात द्या. माझ्या मते गंधाच्या बाटलीपेक्षा हा मेणाचा हात महत्त्वाचा. परदेशी सल्ल्यांत जुनं काळं पोळं ठेवा, प्रोपोलिस, म्हणजे माश्या झाडांच्या डिंकापासून करतात ते चिकट द्रव्य, चोळा असं लिहिलेलं असतं. ते मेलीफेराला लागू. सातेरी प्रोपोलिस गोळाच करत नाही, आणि जुनं पोळं ती कुरतडून टाकते. शिवाय जुन्या पोळ्यावर आधी पोळं पोखरणारा मेणपतंग येतो, माशी नंतर.

आकार म्हणाल तर पंधरा किलो तेलाचा डबा आत मावेल एवढी पोकळी पुरे. मोठी पेटी ऐटदार दिसते, पण सातेरीला नको असते. दार एकच ठेवा, तळाशी, आडवी फट, बाकी सगळ्या फटी मेणाने बुजवा. आतून बघा, उजेडाची एकही रेघ दिसता कामा नये.

आणि जागा. विहिरीच्या इतक्या जवळ नको. मूळ घरापासून दोनशे-तीनशे मीटर लांब, दाट सावलीच्या कडुनिंबावर नाहीतर चिंचेवर, माणसाच्या डोक्याच्या वर, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला. खोडाला ग्रीसचा पट्टा मारा, नाहीतर मुंगळे आधी घरभरणी करतील. हे सगळं माघ लागायच्या आत करा. आपल्याकडे माघ-फाल्गुनात सातेरीचे थवे सुटतात.

साक्री_पांझरा | ९ जानेवारी, दुपारी १.१५

एवढा खटाटोप कशाला? विहिरीतलं मोहोळच कापून काढा. पोळी चौकटीला केळीच्या सोपटाने बांधा, राणी धरून आत सोडा, एका संध्याकाळचं काम. मी दोनदा केलंय.

पायथ्याचा_मधपाळ | ९ जानेवारी, सायंकाळी ७.३०

बापू, हे मीही पूर्वी केलंय आणि जमतं हे खरं आहे. पण कपारीतून काढताना पिल्लांची पोळी चेंगरतात, राणी सापडेपर्यंत निम्म्या माश्या विहिरीच्या पाण्यात पडतात, आणि बिथरलेली सातेरी आठवड्यात पेटी सोडून जाते. त्या दोनदातली तुमच्याकडे आज किती टिकली आहेत ते प्रामाणिकपणे सांगा.

दुसरं म्हणजे, विहिरीतलं घर हे या दादांचं बियाणं आहे. ते जागेवर राहिलं तर दरवर्षी त्यातून थवे सुटतील. जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते आणि घर नव्या राणीला सोडते. थवा आपण घेतला तरी मागचं घर चालू राहतं. कापून आणलं तर शिवारातली ती एकमेव वसाहत संपण्याची भीती. बांधावरची माशी संपली म्हणूनच तर हा धागा निघालाय.

साक्री_पांझरा | ९ जानेवारी, रात्री ८.०२

एकही टिकलं नाही नाना. पहिलं पाचव्या दिवशी गेलं, दुसरं पावसाळ्यात मेणपतंगाने. तुमचं म्हणणं मान्य.

शिरपूरची | १० जानेवारी, रात्री ९.२५

नानांच्या माहितीत भर घालते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि घराच्या परसात सातेरीची एक पेटी आहे.

सातेरीसाठी गवती चहाचं तेल थोडं कमी पडतं, त्यामागे कारण आहे. बाजारातली मिश्रणं मेलीफेरावर केलेल्या कामातून आली. आपल्या सातेरीची बहीण म्हणावी अशी जपानी मधमाशी आहे, जात तीच, उपजात वेगळी. जपानमध्ये किनर्योहेन नावाचं एक छोटं ऑर्किड आहे. ते फुललं की या माशीचे थवेच्या थवे येऊन फुलांवर लटकतात, नरसुद्धा येतात. फुलात त्यांच्यासाठी मध नसतो. मेलीफेरा मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिथले मधपाळ पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या पेटीशेजारी या फुलाची कुंडी ठेवत आले. गंधातले कळीचे दोन घटक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, ३-हायड्रॉक्सीऑक्टॅनॉइक आम्ल आणि १०-हायड्रॉक्सी-डेसेनॉइक आम्ल. यातलं दुसरं राजान्नातही, म्हणजे राणीच्या अळीला माश्या भरवतात त्या अन्नातही, असतं, म्हणजे फूल माश्यांचीच भाषा बोलतं. यावरून तयार केलेलं आमिष जपानमध्ये विकलंही जातं. आपल्या सातेरीवर मी ते वापरलेलं नाही, त्यामुळे घ्या असं म्हणणार नाही. पण कुपी विकत घेताना ती कोणत्या माशीसाठी आहे हे विचाराच.

आणि गंध नेमकं काय करतो, तेही ध्यानात घ्या. थवा आधी झाडावर घोस होऊन लटकतो आणि शोधक माश्या घर पाहायला निघतात. बहुतेक म्हाताऱ्या, अनुभवी माश्या. जर्मन मधमाशी-संशोधक मार्टिन लिंडाउअर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये पाहिलं, थव्यावर नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर पराग नव्हताच. कोणी काजळीने काळी, कोणी विटेच्या भुकटीने तांबडी. बॉम्बने पडलेल्या शहरातल्या धुरांड्यांत आणि भिंतींत त्या घर शोधत होत्या, आणि परत येऊन नाचून पत्ता सांगत होत्या. पुढे अमेरिकन संशोधक टॉम सीली यांनी दाखवलं की शोधक माशी पोकळीत शिरून आतल्या भिंतींवरून चालत फिरते आणि जागा केवढी आहे ते अजमावते. एका जागी वीस-तीस शोधक एकदम जमल्या की निर्णय पक्का होतो, मग थवा उठतो. आमिषाचं काम पहिल्या शोधकेला दारापर्यंत आणण्याचं. पुढे ती आत फिरते तेव्हा आडोसा, कोरडेपणा, अंधार, मेणाचा वास हेच मोजते.

केळीपट्टा | ११ जानेवारी, सकाळी ७.०५

एक सावधगिरी. थवा धरायला जाताना पिकलं केळ खाऊन जाऊ नका, खिशातही नको. माशी डंख मारते तेव्हा जो धोक्याचा गंध सुटतो, त्यातलं मुख्य द्रव्य आयसोपेंटिल ॲसिटेट, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच. आमच्याकडे केळीचा ट्रक भरताना बाजूच्या वडावरची आग्या उठली होती, सहा मजूर दवाखान्यात गेले. त्या दिवशी वाराही होता, धक्काही लागला असेल, फक्त केळ्यामुळेच झालं असं नाही म्हणत. पण तेव्हापासून मी पेटीजवळ जाताना हात साबणाने धुतो. एक डंख बसला तर तिथे लगेच धूर द्या, म्हणजे तो वास झाकला जाईल आणि दुसरी माशी त्याच जागी येणार नाही.

गिरणाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नाना, ताई, सगळ्यांनी सांगितलं तसं केलं. वॉर्निश घासलं, मेणाचा हात दिला. मेण रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाने दिलं. रोशाचं तेल धुळ्यात एका जुन्या अत्तराच्या दुकानात मिळालं. एक पेटी नाल्याकाठच्या कडुनिंबावर, एक लिंबोणीच्या बागेत बांधावरच्या चिंचेवर.

आज नवव्या दिवशी कडुनिंबाच्या पेटीवर माश्या आल्या. सकाळी चार होत्या, दुपारी बारा-पंधरा. दारात उतरतात, आत जातात, बाहेर येऊन पेटीला वेढा घालतात, मागची फट हुंगतात, परत आत. पायाला पराग नाही. याच का शोधक?

शिरपूरची | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१०

त्याच! फटी हुंगणं हीच खूण. आता पेटी उघडू नका, शिडी लावू नका, बोळाही बदलू नका. आकडा रोज लिहून ठेवा.

गिरणाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

आकडा पन्नासच्या पुढे गेला आणि काल एकाएकी शून्य. आज पाहिलं तर ग्रीसचा पट्टा वाळून धुळीने भरला होता आणि पेटीत मुंगळ्यांची रांग. माझं लक्ष राहिलं नाही. थवा दुसरीकडे गेला. फार वाईट वाटतंय.

पायथ्याचा_मधपाळ | १० फेब्रुवारी, सकाळी ६.१५

दादा, खचू नका. पहिला थवा जुन्या राणीचा असतो. मागे राणीकोष राहतात, आठवडाभरात नवी राणी बाहेर येते आणि वसाहत जोरात असली की तिच्यामागे आणखी एखादा थवा सुटतो. मुंगळे झटका, पट्टा नवा मारा, पेटी आतून सुक्या फडक्याने पुसा, मेणाचा हात पुन्हा द्या. आणि विहिरीवर दुपारी नजर ठेवा. नर दिसतात का पाहा, जाडे, काळपट, आवाज मोठा. मोहोळाखाली नरांच्या घरांची झाकणं पडलेली सापडली तर हातात घेऊन बघा, सातेरीत त्या झाकणाला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं.

गिरणाकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी साडेबाराला बागेतून आवाज आला, लांबून येणाऱ्या मोटारीसारखा. धावत गेलो तर लिंबोणीच्या एका फांदीवर माश्या उतरत होत्या. वीस मिनिटांत पपईएवढा घोस झाला, छातीच्या उंचीवर. चिंचेवरची पेटी तिथून साठ पावलांवर. नानांना फोन केला. ते म्हणाले, पेटीकडे आपणहून जातील याची वाट पाहू नका, ऊन चढतंय, आज घेऊन टाका.

पेटी खाली उतरवली, फांदीखाली खाटेवर ठेवली. दाराशी गंधाचा एकच थेंब पुसला. बायकोने घोसावर पिचकारीने साखरेचं पाणी हलकेच उडवलं. वेताची टोपली घोसाखाली धरली आणि फांदीला एकच झटका दिला. टोपलीत धप्प असं वजन आलं, ते हाताला अजून जाणवतंय. उघड्या हातांनी केलं, एकही डंख नाही. थव्याला राखायला घर नसतं, पोटं मधाने भरलेली असतात, हे वाचलं होतं, आज अनुभवलं. टोपली पेटीत ओतली, झाकण तिरपं ठेवलं.

पहिली पाच मिनिटं काही कळेना. निम्म्या माश्या पुन्हा फांदीकडे वळल्या. आणि मग दारात एक माशी उलटी उभी राहिली, तोंड आत, पोट वर. पोटाच्या टोकाला फिकट पांढरी चीर उघडलेली स्पष्ट दिसली. पंख इतके वेगात की नुसतं धूसर वलय. तिच्याशेजारी दुसरी, मग वीस, मग दाराची पूर्ण पट्टी. मी गुडघे टेकून नाक जवळ नेलं. लिंबासारखा, गवती चहासारखा वास येत होता, पण तेलाच्या वासापेक्षा कोवळा. फांदीवरच्या माश्या हवेतून, काही गवतातून चालत, दाराकडे निघाल्या. नाना फोनवर एवढंच म्हणाले, राणी आत आहे.

अंधार पडल्यावर दाराला राणी गेट, म्हणजे राणीला बाहेर पडू न देणारी जाळी, लावलं आणि पेटी चिंचेवर मूळ जागी चढवली.

पायथ्याचा_मधपाळ | २० फेब्रुवारी, सकाळी ६.०५

वाचताना अंगावर काटा आला दादा. आता पुढचं. पाणी आणि साखर सारख्या मापाने घ्या, अर्धा पेला, रोज संध्याकाळी आतच ठेवा, बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या मोहोळाच्या माश्यांची लूट सुरू होईल. गेट चार दिवसांपेक्षा जास्त नको. हा मागचा थवा असेल तर राणी कुमारी आहे, तिला मीलनासाठी बाहेर जावंच लागतं. गंधाची बाटली आता काढून टाका, नाहीतर दुसऱ्यांच्या शोधक येऊन भांडतील.

गिरणाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री ८.१५

गेट काढलं. आज सकाळी साडेसातला पहिली माशी पायांना पिवळ्या गोळ्या लावून आत गेली. नंतर रांगच लागली. बहुतेक पराग कांद्याचा नाही, बांधावरच्या झाडांचा असावा, पण दुपारी गोंड्यांवर सातेरी मोजल्या, एका ओळीत अकरा. शेजारच्या काकांना जाऊन भेटलो, फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारा म्हणून विनंती केली. त्यांनी मानलं.

अक्राणीचा_पोर | २३ फेब्रुवारी, रात्री ९.००

भाऊ, मोहोय बठनं, बरं वाटनं वाचीसन! रोशा लागलं तर सांगा, आमच्याकडे डोंगरउतारावर अजून आहे. काढणी पावसाळा संपता संपता, फुलोऱ्यावर. तेव्हा पेंढ्या पाठवतो.

साक्री_पांझरा | २४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

नाना, मीही एक पेटी चिंचेवर चढवतोय. पण आपल्याकडचा मे कसा काढायचा? पारा पंचेचाळीसला जातो, माझं दुसऱ्यांदाचं मोहोळ उन्हाळ्यातच निम्मं झालं होतं.

पायथ्याचा_मधपाळ | २४ फेब्रुवारी, सायंकाळी ७.१०

बापू, मेण बासष्ट-चौसष्ट अंशाला वितळतं, पण मधाने जड झालेलं नवं पोळं त्याच्या किती तरी आधी मऊ होऊन खचतं. पिल्लांपाशी माश्यांना चौतीस-पस्तीस अंश राखायचे असतात, त्यासाठी त्या पाणी आणून शिंपतात आणि पंखे चालवतात. म्हणून चैत्रापासून पेटीवर ओलं पोतं, त्याच्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या. पन्नास पावलांच्या आत उथळ परातीत पाणी, परातीत खडे, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. परात रोज भरा, एक दिवसही चुकवू नका, कारण पाण्याची वाट मोडली की सातेरी घर सोडते. एप्रिलनंतर मध काढू नका, एक थेंबही नको, तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे.

गिरणाकाठ | २४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

परात आजच मांडली नाना, खडे गिरणेतून आणले. कडुनिंबाच्या पेटीवर आज पुन्हा तीन शोधक होत्या. ग्रीसचा पट्टा संध्याकाळीच नवा मारून आलोय.